गुरुवारची पहाट

आमच्या घरी वार सूर्योदयाला बदलत असे. घड्याळात रात्रीचे बारा वाजले म्हणून बुधवार संपला, असे आमच्या वडिलांनी, अण्णांनी, कधी मानले नाही. पहाटे चारला उठून विहिरीवर थंड पाण्याने स्नान करून ते पूजेला बसत आणि संकल्पात वाराचा उच्चार करत तो आदल्या दिवसाचाच. सूर्यबिंब डोंगराच्या कडेवर येईपर्यंत त्यांच्या लेखी नवा वार जन्मालाच आलेला नसे. आम्ही दोघे भाऊ याच मोजणीत वाढलो. थोरला वासुदेव, माझा दादा, आठ वर्षांचा असताना त्याने श्रावणी सोमवारचा उपास हट्टाने धरला होता आणि पहाटे भुकेने कळवळून फडताळातले पोहे खाताना तो अण्णांच्या हाती सापडला. “अरे, अजून सोमवार आहे,” अण्णा म्हणाले. दादा तोंडातला घास न थांबवता म्हणाला, “माझ्या पोटात मंगळवार उजाडला, अण्णा.” अण्णा हसले होते. ते दादाच्या बोलण्यावर हसत असत असाही एक काळ होता, हे मला लिहून ठेवावेसे वाटते, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात त्यांचे हसणे फारसे येणार नाही.

कापडे गावातले आमचे घर साधे होते. कौलारू छप्पर, पुढे शेणाने सारवलेली ओसरी, मागे गोठा, गोठ्यामागे भाताची खाचरे आणि त्यांच्याही मागे एकावर एक चढत गेलेले डोंगर. पंचक्रोशीतले सत्यनारायण, लग्नमुंजी आणि श्राद्धे अण्णांकडे असत. शिवाय कुळाने पिकवलेला भात येई. ओसरीवर ते मला संस्कृत शिकवत. शब्दरूपांची आवर्तने चालू असताना स्वयंपाकघरातून जात्याची घरघर येई, आणि जाते थांबले की आईचे कान आमच्याकडे लागले आहेत हे मला कळे, कारण एखादे रूप चुकले तर अण्णांच्या आधी तिचा खोकला ऐकू येत असे. सकाळी तांदळाची पेज आणि मेतकूट, दुपारी कुळथाचे पिठले, थंडीत वालाचे बिरडे. सणावारी घावन आणि नारळाचे दूध. घावन दादाला फार प्रिय. तो गेल्यानंतर आमच्याकडे घावन झाले नाहीत. कोणी तसे ठरवले नव्हते. तवा मात्र फडताळाच्या वरच्या फळीवर गेला होता.

दादा गेला तो समुद्रापार. मुंबईत तो बिनतारी संदेशाचे शिक्षण घेऊन आला आणि जहाजावर नोकरी धरली असे त्याने सांगितले, तेव्हा अण्णा आसनावरून उठलेही नाहीत. ज्याने यजमानांच्या घरी मंत्र म्हणायचे त्याने समुद्र ओलांडू नये, ओलांडलाच तर प्रायश्चित्त घेतल्यावाचून देवघराचा उंबरा ओलांडू नये, हा त्यांनी वाडवडिलांकडून घेतलेला नियम होता. पहिल्या सफरीहून दादा परतला तेव्हा देवघराच्या दारात अण्णा उभे राहिले. “आधी प्रायश्चित्त,” ते म्हणाले. दादा म्हणाला, “पाप केलं असतं तर घेतलं असतं.” तो ओसरीवरच जेवला आणि सकाळच्या पोलादपूरच्या गाडीने निघून गेला. आज या वयात मी दोघांपैकी कोणालाही दोष देत नाही. धर्म जपणारा माणूस कधी कधी माणसाला विसरतो. पण अण्णा विसरले नव्हते, त्यांना विसरता येत नव्हते, आणि त्यांच्या कठोरपणाचे तेच मूळ होते असे मला आता वाटते. पुढची चार वर्षे दादाची पत्रे येत राहिली. पत्र आले की अण्णा उठून परसात जात. मी ते आईला ओसरीवर वाचून दाखवी, मग आई ते घडी करून तांदळाच्या कणगीत ठेवी.

या चार वर्षांत मला दादाच्या विद्येचे वेड लागले, आणि त्याला कारण आमचे सुभेदारकाका. लष्कराच्या सिग्नल पलटणीत आयुष्य काढून ते निवृत्त झाले आणि गावाच्या वरच्या वाडीत आपल्या शेतीवर येऊन राहिले. मुंबईच्या भंगार बाजारातून त्यांनी लष्कराचा एक जुना रिसीव्हर आणला होता, दोन माणसांनी उचलावा एवढा. फणसापासून आंब्यापर्यंत तार ताणली होती आणि सगळे ट्रकच्या बॅटरीवर चाले. लांब आणि आखूड ठोक्यांची मोर्स लिपी त्यांनी मला शिकवली. “बाळभट,” ते मला म्हणत, “तुमचा लघु-गुरु आणि आमचा डिट-डाह, दोन्ही एकच हाय. फरक येवढाच, तुमचा चुकला तर पाप लागतं, आमचा चुकला तर साहेबाची लाथ.” त्यांच्याकडे केवळ ऐकण्याची सोय होती. पाठवण्याचे यंत्र नव्हते आणि त्याचा परवानाही नव्हता.

त्यांनीच मला प्रथम सांगितले की हौशी लोकांनी, पगारासाठी नव्हे, निव्वळ आवडीने, स्वतःच्या हातांनी जोडलेले लहान उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आहेत. पृथ्वीवरून एका लहरीवर कोणी हाक घातली की उपग्रह ती झेलतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर खाली सोडतो. ज्यांच्या ज्यांच्या माथ्यावरच्या आकाशात तो त्या वेळी असेल, त्या सर्वांना ती हाक ऐकू येते. मग तो क्षितिजाखाली उतरतो आणि सगळे शांत होते. एका फेरीत दहा-पंधरा मिनिटे मिळाली तर पुष्कळ. न्यायशास्त्रात शब्द हा आकाशाचा गुण मानला आहे, हे मी त्याच महिन्यात अण्णांकडे शिकत होतो. एकाच आठवड्यात ओसरीवर आणि वरच्या वाडीत तीच गोष्ट दोन भाषांत ऐकण्याचे भाग्य किती जणांना लाभते?

मार्गशीर्षातल्या एका दुपारी दादाचे पत्र आले. तो तेव्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासा बंदरात होता. तिथल्या एका परवानाधारक हौशी मित्राच्या घरी त्याला मित्रादेखत यंत्र चालवण्याची मुभा मिळाली होती. त्याने लिहिले होते: “मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी उपग्रह तुमच्या आणि माझ्या दोघांच्या आकाशात एकाच वेळी असेल. मी हाक घालीन. खासगी निरोप पाठवण्यास नियमाची मनाई आहे, म्हणून कोणी ऐकत आहे का, एवढेच विचारीन. सुभेदारकाकांकडे जाऊन ऐक. आईला ने. शनिवारी मी नव्या जहाजावर चढतो आहे. तिथे ही सोय नाही, आणि पुन्हा कधी होईल सांगता येत नाही.” खाली लहरीचा आकडा आणि मित्राच्या केंद्राची खूण, म्हणजे ठोक्यांत द्यायचे त्याचे नाव, होती.

मी वाचून थांबलो तेव्हा आईने विचारले, “म्हणजे त्याचा आवाज?” मी सांगितले, आवाज नव्हे, ठोके. “हाताने देतो ना ते?” ती म्हणाली. “मग त्याचा हात तरी.” तिने ते पत्र कणगीत ठेवले नाही. कमरेला खोचले.

गुरुवारी पहाटे आम्ही दोघे कंदील घेऊन वाडीवर चढलो. अण्णा विहिरीवर होते. त्यांनी पाहिले आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला. सुभेदारकाकांनी अंगात लष्करी स्वेटर आणि डोक्याला मफलर गुंडाळला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी यंत्र लावले. खरखर. पाच-वीस झाले. खरखर. ते बटण केसाएवढे इकडे, केसाएवढे तिकडे फिरवत राहिले. आई पाटावर पदर घट्ट ओढून त्या लोखंडी पेटीकडे बघत होती, देवापुढे बसावे तशी. साडेपाच, सहा, साडेसहा. खाली गावात कोंबडे आरवले. शेवटी काकांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, “वैनी, आवाज नाय आला म्हणजे पोरगा नाय, आसं नाय. हवा खराब हाय, नायतर माझं हे डबडं खराब हाय. पोरगा चांगला हाय.” आई म्हणाली, “हो, भावजी.”  उतरताना पायवाटेवर दव होते. तिचा पाय एकदा घसरला, तेव्हा मी हात दिला. तो हात तिने घर येईपर्यंत सोडला नाही.

घरी आलो तेव्हा ऊन नुकतेच ओसरीच्या पायरीवर आले होते. स्वयंपाकघरात फडक्याखाली झाकलेली पितळी मला दिसली. आईने रात्रीच तांदळाचे पीठ भिजवून ठेवले होते. येताच घावन करायचे, असे तिने मनाशी धरले असावे. जणू ऐकू येणे म्हणजे घरी येणेच. तिने ती पितळी उचलली आणि पीठ गोठ्यात गाईपुढे नेऊन ठेवले. माझ्याने ते पाहवले नाही. अण्णा गंध उगाळत होते. चार वर्षांत त्यांच्यापुढे दादाचा विषय न काढण्याचा दंडक मी पाळला होता. तो मी त्या सकाळी मोडला. “त्याने गुरुवार लिहिला होता,” मी म्हणालो. “आम्ही वेळेवर गेलो. काही आले नाही. आता तो जहाजावर जाईल. आई…”

सहाण थांबली. अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. “तू ओसरीवर वाचतोस आणि मी परसात असतो,” ते म्हणाले. “परस काही काशीला नाही. सगळे ऐकू येते.” आणि पुढे म्हणाले, “तुम्ही गेलात तेव्हा बुधवार होता.”

मला कळेना. ते म्हणाले, “सूर्योदयापूर्वी वार बदलतो का? गुरुवार आत्ता लागला, या उन्हाबरोबर. त्याची पहाट यायची आहे अजून. उद्या.”

“अण्णा, पण तिकडची मोजणी…” मी म्हणू लागलो. माझ्यापुरते खरे सांगायचे तर, गेली दोन-तीन वर्षे मी सुभेदारकाकांच्या संगतीत लष्करी घड्याळाने चालू लागलो होतो. पहाट ही गुरुवारची असेल तर ती बुधवारच्या रात्रीनंतर येते, याबद्दल मला शंकासुद्धा आली नव्हती. अण्णांच्या घरात राहून अण्णांचा वार मीच विसरलो होतो.

“तिकडची मोजणी तिकडच्यांना,” अण्णा म्हणाले. “त्याने पत्र कुणाला लिहिले? या घराला. तो या घरात जन्मला, या घरात त्याची मुंज झाली. तो या घराचाच वार लिहील.” एवढे बोलून ते पुन्हा गंध उगाळू लागले, परंतु पाणी घालायचे राहिले होते आणि कोरड्या सहाणेवर खोड नुसतेच फिरत होते, हे मी पाहिले.

दुपारी मी वाडीवर धावत जाऊन सुभेदारकाकांना सांगितले. ते खो-खो हसले. “म्हणजे पंचांगापरमानं सिग्नल येनार! आरं, माझ्या पलटणीत हे सांगितलं आस्तं तर मला येरवड्याला धाडलं आस्तं.” मग गंभीर झाले. “पन बॅटरी मी आजच पोलादपुरास्नं भरून आनतो. म्हातारा चुकला तरी वैनीनं दोनदा वर चढून रिकामं जाऊ नये.”

शुक्रवारी पहाटे, किंवा अण्णांच्या भाषेत गुरुवारी पहाटे, आम्ही निघालो तेव्हा कंदील आमच्या आधीच अंगणात होता आणि तो अण्णांच्या हातात होता. ओल्या अंगावर धाबळी, पायांत खडावांऐवजी वहाणा. ते पुढे चालू लागले. वाडीवर पोहोचताच काका गडबडून उभे राहिले. “भटजीबुवा! तुमी?” अण्णा म्हणाले, “वार माझा आहे. खरा की खोटा, ते मी पाहायला नको का?” काकांनी त्यांच्यासाठी घोंगडी झटकून अंथरली आणि कानावरचे काढून ठोके सर्वांना ऐकू येतील असे यंत्र लावले.

खरखर. पाच-अठरा. पाच-वीस.  मग त्या खरखरीच्या तळातून, विहिरीत खोल पडलेल्या कळशीचा काठ चमकावा तसा, एक बारीक सूर वर आला. काकांचे बोट बटणावर गोठले. सूर तुटत होता, जुळत होता: लांब, आखूड, लांब, आखूड. उपग्रह जवळ येताना सूर चढा लागतो आणि दूर जाऊ लागला की उतरत जातो. त्याला धरून ठेवण्यासाठी काका बटण तसूतसूने वळवत होते, वासराच्या मागे दावे सैल करत जावे तसे. मी ‘सीक्यू’ ही हाकेची दोन इंग्रजी अक्षरे ओळखून त्यांचा अर्थ पुटपुटू लागलो. “कोणी ऐकत आहे का… कोणी ऐकत आहे का…” आणि मग मोंबासाच्या त्या केंद्राची खूण.

“तोच कशावरून?” काका हळूच म्हणाले. “तिथं आनखी कोन आसंल तर?”

  उत्तर दिले अण्णांनी. “तोच,” ते म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. “घंटा अशीच वाजवायचा आरतीला. दोन घाईने, आणि तिसऱ्याला थबकतो. पाठीत धपाटे घातले मी याच्यासाठी. सुधारला नाही.” मी पुन्हा ऐकले. खरोखरच प्रत्येक हाकेच्या शेवटी एक अडखळ होती, चढावर क्षणभर श्वास घ्यावा तशी. लहानपणी रोज मी ती घंटा ऐकली होती आणि मला ती ओळखू आली नव्हती.

 आता आई पुढे सरकली, पेटीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, “विचार ना, जेवलास का.”

“आपल्याला नुसतं ऐकता येतं, आई. विचारता येत नाही.”

“विचारता येत नाही,” ती म्हणाली. तिने हात काढला नाही. लोखंड कोमट होते. सूर उतरत गेला, विरळ झाला, दोनदा परत आल्यासारखा वाटला, आणि मग नुसती खरखर उरली. काकांनी बराच वेळ यंत्र बंद केले नाही. त्यांच्या पत्नीने चुलीवरचा चहा आणला आणि अण्णांपुढे ठेवताना थांबली, कारण अण्णा कोणाच्या घरी काही घेत नसत. अण्णांनी कप स्वतःच्या हाताने उचलला.

माझी नात माझ्यापेक्षा पुष्कळ शहाणी आहे. तिनेच मला अलीकडे सांगितले की त्या काळातल्या अशा एका उपग्रहाची बॅटरी निकामी होऊन तो वर्षानुवर्षे मुका झाला होता, आणि सगळ्यांनी त्याला मृत मानल्यावर एके दिवशी आपोआप बोलू लागला. आता त्याच्यापाशी साठवलेले बळ नाही. ऊन अंगावर पडले की तो जागा होतो आणि सावलीत शिरला की निजतो. म्हणजे त्याचाही दिवस सूर्योदयालाच उजाडतो. तो आमचाच उपग्रह की दुसरा, हे मला माहीत नाही. नातीने तिच्या मोबाइलवर त्याचा सूर ऐकवला. मी तिसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिलो. तिथे थबकणारे कोणी नव्हते.

त्या सकाळी घरी येऊन अण्णांनी बोरू घेतला. चार वर्षांत त्यांनी दादाला लिहिलेले ते पहिले पत्र. मी ते पाकिटात घालताना वाचले: “चिरंजीव वासुदेवास अनेक उत्तम आशीर्वाद. वार बरोबर धरलास. ये.” प्रायश्चित्ताचा शब्द नव्हता. पत्र मोंबासाला पोहोचले तेव्हा दादा जहाजावर होता. ते त्याच्या मागे बंदरोबंदरी फिरत राहिले. आई रोज टपालाची वाट पाही आणि आता अण्णाही परसात न जाता ओसरीवर बसत. त्यांनी पावसाळाभर वाट पाहिली. भाद्रपदात तीन दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन ते गेले.

दादा आला तो दिवाळीनंतर, एका बुधवारी संध्याकाळी. पत्र त्याला अण्णा गेल्यावर मिळाले होते, आणि अण्णा गेल्याची तार त्याच्याही नंतर. तो देवघराच्या उंबऱ्याशी थांबला. आईने त्याचा हात धरला आणि एखाद्या लहान मुलाला न्यावे तसे आत नेले. त्या रात्री तवा वरच्या फळीवरून खाली आला. घावन खाऊन झाल्यावर दादाने खिशातून ते पत्र काढले. घड्यांवर ते फाटू लागले होते. “मला हे कळलं नाही रे,” तो म्हणाला. “किती वेळा वाचलं. कुठला वार?”

मी त्याला सगळे सांगितले. बुधवारची ती पहाट, गोठ्यात ठेवलेले पीठ, कोरडी सहाण, आणि अण्णांचे वाक्य: तो या घराचाच वार लिहील. दादा ऐकत होता. 

“मी तसं काही लिहिलं नव्हतं,” तो अखेर म्हणाला. “उपग्रहाचं वेळापत्रक ग्रिनिचच्या घड्याळाने असतं. तिथे गुरुवारी रात्रीचे अकरा पन्नास होते. मी आपले साडेपाच तास मिळवले. पाच-वीस झाले, पहाट झाली. आणि वार पुढे न्यायला विसरलो. ती चूक होती माझी. नुसती चूक. ते काय समजून गेले, आणि मी…”

 आत आई भांडी घासत होती, आणि ती थांबली होती. मग दादाच म्हणाला, “पण बघ. मी ते पत्र दोनदा वाचून पाकिटात घातलं होतं. ‘गुरुवारी पहाटे’. मला कुठे खटकलं नाही.”

पहाटे मला जाग आली ती विहिरीच्या रहाटाने. मग देवघरातून समईचा उजेड ओसरीवर आला आणि दादाचा आवाज, सवय मोडल्यामुळे अडखळत, संकल्प म्हणू लागला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गुरुवार लागून पाच तास झाले होते. वाराच्या जागी येऊन तो क्षणभर थांबला आणि त्याने बुधवार उच्चारला. मग घंटा वाजली: दोन घाईने, आणि तिसरी थबकून.